जर्नलचं शेवटचं पान

सोलापूरच्या एसटी स्टँडवर, आरक्षणाच्या रांगेत पुढं दोन चाळिशीतले इंजिनिअर बोलत होते.

"वर्कशॉपचे धोंडीराम सर आठवतात का रं?"

मागं उभ्या धोंडीराम सरांनी मफलर नाकावर ओढला.

"व्हय की! जर्नलच्या शेवटच्या पानावर, आपल्याला काय येत न्हाय ते लिहायला लावायचे."

"मी कोरं ठेवलं, तर सहीच केली न्हाय त्यांनी. लई राग आलता."

"मी अजून लिहितो. काल लिहिलं, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी."

"ह्या वयात?"

"सर लिहायचेच की आपल्यासंगं."

सरांनी खिशातली वही काढून शेवटचं पान दोघांपुढं धरलं. त्यावर एकच ओळ होती: मोबाइलवर तिकीट काढणे.

"पोरांनो, एवढं शिकवा की. जमलं, की हितं सही करा."