टाकीच्या तोंडाचं कडं

न्हाई सायेब, आत्ता न्हाई. आज वारा पार पडलाय, वर ढगाचं पांढरं झाकन बसलंय आन् खाली नुसती वाफ — असल्या दिवशी पत्र्याची टाकी म्हंजे चुलीवरचं भगुनं. जरा कलती दुपार होऊ द्या. ह्या लिंबाखाली बसा — तितं नगं, ग्रीस सांडलंय, फळीवर बसा. आन् रंगाचं डबं फोडू नगा एवढ्यात. तुमीच म्हनलासा न्हवं, दोन्ही डब्यांतलं एकात एक घातलं की रंग थांबत न्हाई, बघता बघता दगड हुतोय? मग मी आत उतरायच्या आदी मिसळून काय उपेग?

मी कोंडीबा. जतकडचा. मेंढरं राखायचो. औंदा दुष्काळात गावात टँकर यायचा त्ये पानी तांबडं — बायका घागरीच्या तोंडावर फडकं धरायच्या, त्ये गेरूत बुडवल्यागत निघायचं. टाकी आतनं गंजल्याली. गाडी मानसिंगरावांची, म्हंजे हितल्याच मालकांची. त्यांनी पारावर इचारलं, आत शिरून गंज खरवडाया कुनी बारीक मानूस हाय का. समद्यांनी माज्याकडं बघितलं. लेक मेंढरं घिऊन नदीच्या अंगाला गेल्याला, चाऱ्याच्या मागं — पाऊस पडल्याबिगर काय येत न्हाई त्यो. घरात मी आन् सून, सुला. मालक म्हनले, दोघंबी चला सांगलीला, खोली देतो, सुला गड्यांचा सैपाक बघंल. आलो. वंगाळ काय न्हाई. खायाला हाय, पेयाला हाय.

त्ये व्हय? खुंटीला टांगल्यालं? गाडीच्या चाकाचं न्हवं त्ये. टाकीच्या तोंडाच्या मापाचं कडं हाय. माज्या आदी एक गडी उतरताना तोंडातच अडकला हुता म्हनं, निम्मा आत निम्मा भायेर — तेल वतून वडून काढला. तवापासनं मालकांनी कडं करून ठेवलंय. आत जायाच्या आदी हात वर करायचं, डोक्यावरनं कडं सोडायचं, खांद्यावरनं, पोटावरनं पायापातूर आलं की झाली भरती. पलटनीत छाती फुगवून दावाया लागती — हितं उलटं, जेवढं नसंल तेवढं चांगलं.

हाड् — बसू द्या, चावत न्हाई. माज्याच मागं असतंय त्ये कुत्रं. मालकांना वाटतं मेंढक्याचा त्येला लळा. लळा कसला, भाकरीचा लळा. म्हंजे — उरल्याली टाकतो मी. सुला दोन वाढती, म्हाताऱ्याला कशाला दोन? भूक? असती की. भूक कुनाला नसती. पन तिच्या म्होरं नगं म्हनलं तर ती रुसती, म्हनून धोतराच्या सोग्यात घ्यायची आन् हितं येऊन बसायचं. तिला बोलू नगा बरं का.

आता निघालंच तर सांगतो. हितं आल्यावर दोन वक्ताला ताट मिळाया लागलं, अंगाला लागलं. शिमग्याच्या आदी कडं बरगडीला अडलं. श्वास सोडला तवा खाली गेलं. आन् नेमकी सुला चहाची किटली घिऊन चालल्याली. मालकांनी हसत हसत त्ये कडं तिच्या डोक्यावर धरलं आन् सोडलं — कुटं टेकलंच न्हाई सायेब. सरळ खाली, पायाशी जाऊन वाजलं. समदी हसली. तीबी हसली, पोर हाय अजून. मालक म्हनले, कोंडीबा, तुला जड झालं तर हाय की बदली. वाईट मानूस न्हवं, चेष्टेत म्हनले. पन चेष्टेत सुचल्यालं मानूस इसरत न्हाई.

आतलं काय सांगू. डांबराचा रंग मारताना वास मस्तकात जातोय. एकदा मला आत मेंढरं दिसली. पत्र्यावर चरत हुती, धुतल्यावानी पांढरी. मी आपला त्यास्नी हाळी देतोय, आन् वर गडी हसत्यात. मग म्होरलं कळलं न्हाई — दोरीनं काढलं म्हनं. माजं एक असू द्या. तिनं कशाला बघावी तसली मेंढरं?

म्हनून तुमचा ह्यो नवा रंग येनार म्हनल्यावर मला बरं वाटलं. गंज धरत न्हाई, पापुद्रा सुटत न्हाई, पान्याला वास न्हाई. आमच्या बिरुबाला शेंदूर लावला तर साल फिरलं की परत लावावा लागतोय, ह्यो म्हनं चार-पाच वर्सं बघाया नगं. म्हनलं, एवढ्या टाक्या केल्या की कडं भंगारात. तुमच्या पुन्याकडं फवाऱ्यानं मारत्यात न्हवं, भायेरनंच? …न्हाई? …असल्या टाकीला मानूस आतच लागतोय. बरं. आन् वास? …डांबरापरास उग्र. बरं. बरं.

काल मालक कुनाला तरी सांगत हुते, ह्यो रंग टिकला की साताऱ्याच्या, लोनंदच्या टाक्याबी आपल्याकडंच येनार. लय खुशीत हुते. म्हंजे बघा — रंग सुटला तरी आत जायाचं, टिकला तरी आत जायाचं.

एक करता का, सायेब? तुमी कंपनीचं मानूस, तुमचा सबूद पडत न्हाई. मालकास्नी एवढंच म्हना, ह्या रंगाला बाईमानसाचा हात चालत न्हाई. का चालत न्हाई त्ये काय बी सांगा. …खोटं हाय, व्हय. खोटंच हाय. पन मी उद्या कड्यात अडलो तर —

डबा कशाला फिरवून बघताय, त्यावर काय ह्येचं उत्तर लिवलंय?

ऱ्हाऊ द्या. तुमालाबी तुमची नोकरी हाय. उठा, कलली दुपार. पत्रा सोसतोय आता हाताला. फोडा डबं, मिसळा. त्ये कडं तेवढं काढून द्या — धरा वर, सोडा. बघितलं? पोटाला शिवलंबी न्हाई. अजून एक-दोन वर्सं तरी मी हाय, तिची पाळी येत न्हाई.

परवा आमचा शेजारी सिद्धू टँकरसंगं आला हुता, गावाकडचा, माज्याच वयाचा. मी कड्यातनं निघताना माज्याकडं लय येळ बघत बसला. मला वाटलं म्हनंल, खात जा जरा. तर त्यो हळूच म्हनला, “कोंडीबा, तू कितीबी वाळलास तरी सुली तुज्यापरास बारीकच ऱ्हानार रं.”