भूक न्हाई, गोळी हाय

मायची आन, एक शब्द खोटा न्हाई... म्हंजी एखादा निघंल, पण त्यो आमच्या मामाचा! सूर्यभान, भज्याची अजून एक प्लेट आण रे! हां, तर तुमाला सांगतो, बहात्तरचा दुष्काळ, झरीत आमच्या घरी मिलोची, त्या अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची भाकर, ती बी माय दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची तवा मिळायची, मला एक, तिला अर्धी... अन् अशात वालूरहून किशनमामा आला की ओ! गुर्दे खराब. परभणीच्या डॉक्टरनं कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, रोज तीन, अन् वरून सांगितलं, जेवतानाच घ्यायची. झालं! डॉक्टरचं काय गेलं?

मामा गोळी तळहातावर धरायचा, सुस्कारा टाकायचा, "सरजा, मला भूक न्हाई गं बाई... पण गोळी हाय." माय लगेच भाकर वाढायची. "माय, तुझी गेली की!" "गप रे, पाठचा भाऊ हाय, बिमार हाय." महिन्यात मामाला गाल आले अन् मायच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या! शेजारच्या चांगुणाबाईकडं फोडणीचा वास सुटला की ह्यो बाटली घेऊन तिच्या दारात. भूक न्हाई, गोळी हाय!

मी बाटलीच लपवली, ज्वारीच्या कणगीत. कणगी रिकामीच व्हती. गोळी न्हाई तर जेवण न्हाई, बरोबर का न्हाई? मामा रडवेला होऊन म्हणतो, "औषध गेलं गं सरजा, आता जेवणावरच दम काढावा लागंल!" अन् आमची दीड, चांगुणाबाईची दीड, अशा तीन भाकरी हाणल्या! मी गुपचूप बाटली परत ठेवली.

मग पायी परभणी गाठली. म्हटलं, सायब, गोळी बिगर जेवणाची घेतली तर? डॉक्टर म्हणतो, "अरे, ती अन्नातलं खराब धरून ठेवती. अन्नच न्हाई तर धरंल काय?" ह्ये मी मामाला सांगितलं... कशाला सांगितलं! मामा गावभर, "डॉक्टरनं भाच्यापाशी निरोप धाडलाय, अन्न वाढवा!"

सुगीला गेला एकदाचा. माय रडली, अन् त्या दिवशी अख्खी भाकर खाल्ली. जाताना मामानं उरलेली बाटली माझ्या हातात कोंबली, "भाच्या, जपून वापर. लय कामाची हाय."

आता तुमी कुठं उठायलाव? बसा की! सूर्यभान बिल आणायलाय, चार प्लेटी अन् दोन च्या. माझ्याकडं काय बघता? ही बघा बाटली, तीच. मला कुठं भूक व्हती ओ... गोळी हाय. द्या पैसे.