माडीवर पोचलेली ऊब

व्हरमाँटमधल्या त्या गावात हार्डवेअरचं दुकान एकच. पायरीवरच्या बर्फावर टाकायला मिठाची पिशवी घेऊन मार्लिस रांगेत उभी होती. तिच्यापुढच्या म्हाताऱ्या आल्डननी विस्तवाची ऊब घरभर ढकलायला फायरप्लेसला लावायचा पंखा खोक्यासकट दुकानदार डोरीनपुढे काउंटरवर ठेवला.

"परत घे, डोरीन."

"अहो, गेल्याच आठवड्यात नेलात. चालत नाही का?"

"चालतो की."

"मग ऊब येत नाही?"

"भरपूर येते. आधी सगळी धुराड्यातून आभाळात जायची, आता जिना चढून माडीवर पोचते."

"आवाज करतो?"

"मांजर घुरघुरतं तेवढाच."

"मग परतीच्या कागदावर मी लिहू तरी काय?"

"आमची व्हर्ना माडीवर बसायला लागली, असं लिही."

"म्हणजे?"

"एकेचाळीस हिवाळे आम्ही विस्तवापुढे खुर्चीला खुर्ची लावून बसलो. आता वरची खोली उबदार झाली, तर बाई विणकाम घेऊन वर गेल्या. मजेत आहे. जेवायलासुद्धा हाक मारावी लागते."

डोरीनने पेन खाली ठेवलं.

"याचा वेग कमी करायचं बटण मिळतं वेगळं."

"अगदी कमी केला, तर ऊब कुठवर जाईल?"

"दोन खुर्च्यांपुरती."

"आणि माडीवर?"

"माडीवर नाही जायची."

"मग बटण दे. पंखा राहू दे माझ्याकडेच."

"आणि वर एकदम गार का झालं, असं व्हर्नाने विचारलं तर?"

"विचारायला खाली तर येईल."