सोजरची सही

मी ईट गावचीच. माहेर बी ईट आन् सासर बी ईट, मधी दोन गल्ल्या, त्यामुळं सासरी जाताना रडाया बी लाज वाटली. नाव शरीफाबी, पर गावात मला समदे चाची म्हणत्यात, माझ्या वयाच्या बाया बी चाचीच म्हणत्यात. घरात शिलाईचं काम. वालिदनं, म्हंजी बापानं, मला कुराण शिकवलं, उर्दू बी यायची, निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत असायचे तवा गल्लीतल्या बाया कागद घेऊन माझ्याकडं यायच्या. मंग निजाम गेला, कागद मराठीत यायला लागले आन् मी बघता बघता अडाणी झाले. काल शहाणी, आज अडाणी, काय सांगू तुमाला, लई वाईट वाटायचं. आमचे मालक रद्दीच्या कागदावर माप आखून कापायचे, आता ती रद्दी बी मराठी झाली, तिच्यावरच म्या अक्षरं गिरवली. चोळी टाकाया कुणी आली आन् संग शाळंतली पोरगी असली की इचारायचं, बाळे, ह्ये कुठलं अक्षर. असं करत दोन सालात पेपर वाचाया लागले. मालक म्हणायचे, तू कापडाकडं बघ, बातम्या काय वाचती, बाही उलटी लागंल. लागली बी एकदा.

तर वर्गाचं सांगते. तालुक्याहून साक्षरतेचे साहेब आले, बायांना शिकवाया बाईच पायजे म्हणले, गावात दुसरी वाचणारी बाई न्हाय, म्हणून माझ्याकडं आले. एक पत्र्याची पेटी दिली. तिच्यात बारा पाट्या, पेन्सिली, तक्त्यांची गुंडाळी, थोडी पुस्तकं आन् शिकवणारीसाठी एक पातळ पुस्तक. तक्त्यावर पयलंच चित्र जहाजाचं. आमच्या बायांनी जहाज कुठं बघितलंय, उन्हाळ्यात हिरीला पाणी दिसलं तर नवल. एक म्हणली, चाची, ह्यो पाळणा हाय का. म्हणलं, व्हय बाई, पाळणाच समज. मंग तो तक्ता म्या गुंडाळून ठिवला आन् माझी अक्षरं केली. गोणपाटाच्या तुकड्यावर जाड दोऱ्यानं अक्षर शिवायचं आन् बायांनी त्या शिवणीवरून बोट फिरवायचं. खुरपून खुरपून हात राठ झालेले, पेन्सिल धरली की मोडायची, पर शिवणीवर बोट बरोबर चालायचं. दुपारच्या भाकरी झाल्या की बाया ओसरीत यायच्या, कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या हातात निवडायची डाळ.

त्या पातळ पुस्तकात लिहिलेलं, आधी माणसाला त्याचं नाव शिकवा, सही आली की हुरूप येतो. साहेब बी म्हणले, चाची, आधी सह्या घ्या, सही आली की बाई साक्षर धरायची. म्या म्हणलं, बरं. पुस्तकातलं हाय, साहेबांचं हाय, मला काय कळतंय त्यांच्यापरास. आन् बायांना बी तेच पायजे होतं. प्रत्येकीचं नाव म्या गोणपाटावर शिवून दिलं.

त्यातली एक सोजर. तिशीतली असंल. नवरा लवकर गेला, एक लेक घेऊन माहेरी आली, बापाच्या घरात मागल्या खोलीत राहायची आन् भावाच्या रानात राबायची. भावाचं म्हणतो आपण, पर रान बापाचं. बाप वारला तवा नवा कायदा आला होता, लेकीचं बी नाव लागतं म्हणून तलाठ्यानं भावासंग सोजरचं नाव लावलं. आमच्या लोकांत लेकीचा वाटा पयल्यापासून असतो, पर मागतंय कोण, म्या बी न्हाय मागितला, भाऊ तुटंल ह्याचं भ्या. सोजरनं बी मागितला नव्हता, आपसूक आला होता. ती म्हणायची, चाची, मला काय न्हाय लागत, पर पोरीला उद्या उभं राहाया जागा पायजे.

भावाच्या मनात ते सलत होतं. दोनदा त्यानं तिला चावडीत नेलं, कागदावर अंगठा दे म्हणला. पर अंगठ्याची रीत अशी की आधी कागद मोठ्यानं वाचून दावायचा, दोन माणसांनी ऐकायचं, बाईला इचारायचं, कबूल हाय का. दोन्ही बारीला तलाठ्यानं वाचलं, सोजरनं ऐकलं, रान सोडून देते असं आलं की तिनं हात पदराखाली घेतला. भाऊ घरी येऊन ताटावरून उठला, भावजय चार दिवस बोलली न्हाय. पर रान ऱ्हायलं. तिच्या अडाणीपणानं राखलं म्हणा ना.

सोजर सगळ्यात आधी सही शिकली. चुलीपुढं राखंत काढायची, जात्याच्या पिठात काढायची. साहेब तपासणीला आले, चावडीपुढं सतरंजी टाकली, सोजरनं समद्या गावापुढं वहीत नाव लिहिलं. पदरानं घाम पुसून माझ्याकडं बघितलं तिनं, आन् मला अशी ऐट आली, वाटलं माझ्या पोटची लेकच हाय. साहेब म्हणले, शाबास, ही बाई आता साक्षर. भाऊ तिथंच उभा होता. त्यो बी हसला. त्याचं हसणं मला गोड लागलं, एवढी मी येडी.

ज्वारीची काढणी चालू होती. सोजर दुपारी पळतच आली, म्हणली, चाची, आज म्या स्टांपाच्या कागदावर सही केली, भावानं सवता म्हणलं, आक्का, तू आता शिकलेली, तुला अंगठा शोभत न्हाय. कशाचा कागद, म्या इचारलं. हिरीचा अर्ज हाय म्हणला. अगं, पर लिहिलं काय होतं त्यात. ती म्हणली, त्ये मला कुठं येतंय वाचाया, तुमी अजून पाचच अक्षरं शिकवली.

हातातलं कापड तसंच टाकून मी तिला घेऊन चावडीत गेले. तलाठ्यानं कागद दावला. म्या वाचला. त्यात लिहिलेलं, राजीखुशीनं हक्क सोडते, आन् खाली, सवता वाचून समजून सही केली. तिच्या हातची सही, माझ्या शिवणीसारखी वळणदार. तलाठी म्हणला, बाई, अंगठा असता तर म्या वाचून दावलं असतं, ही तर साक्षर, समद्या गावानं बघितलंय. म्या म्हणलं, तिला वाचता येत न्हाय. म्हणला, मंग शिकवलं कशाला.

भावाला म्या गाठलं. म्हणलं, पोरा, बहीण हाय तुझी. म्हणला, चाची, तुमी चोळ्या शिवा. पंचानं बी तेच म्हणलं, घरातली गोष्ट हाय. म्या साहेबाला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर न्हाय आलं. त्या वर्षाला आमच्या वर्गाचं कौतुक झालं म्हणं तालुक्यात.

पुढं मागली खोली बी गेली. ढोकीकडं ऊस वाढला तशी सोजर लेकीला घेऊन तोडीला गेली. जाताना मला बोल लावला असता तर बरं झालं असतं, पर न्हाय लावला. म्या म्हणलं, सोजर, ऱ्हा, आता वाचाया शिकवते. म्हणली, चाची, आता वाचू काय. लई वर्षांनी भूमच्या बाजारात भेटली, केस पिकलेले. संगच कचेरीत गेलो, तिथं कुठल्या तरी नोंदीला तिनं अंगठा पुढं केला. म्या म्हणलं, अगं, तुला सही येती की. म्हणली, येती. करत न्हाय.

आता नव्या मास्तरणी येत्यात माझ्याकडं, चाची, बायांना कसं शिकवायचं सांगा म्हणत्यात. त्यांच्याकडं रंगीत तक्ते असत्यात, चांगले असत्यात. मी येवढंच सांगते, नाव शेवटी शिकवा. आधी कागद वाचाया येऊ द्या, न्हाय म्हणाया येऊ द्या, मंग सही. पर सोपं न्हाय ते. नवी बाई पयल्या दिवशी म्हणतीच, चाची, माझं नाव तेवढं लिहून द्या. मी न्हाय म्हणते. ती रुसती, दुसऱ्या दिवशी येत न्हाय, कुणी कायमची येत न्हाय. अल्ला त्यांचं भलं करो. म्हातारी खडूस हाय म्हणत्यात, म्हणू द्या.