काजळीची सही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर विराजमान असलेली कार्यकारिणी, पहिल्या रांगेत अंग चोरून बसलेले आमचे बांधणीकाका, त्यांच्या शेजारी काकू, आणि या वाचनालयाच्या तमाम सभासद बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी बसमध्ये कंडक्टर आहे. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची सवय आहे, तेव्हा माइक मध्येच बंद पडला, किंवा कुणी बंद पाडला, तरी माझं काही अडणार नाही.

काकांना निरोप देताना त्यांच्या कार्याचा गौरव करा, असं मला सांगितलंय. करते की! एकतीस वर्षं या माणसानं मागच्या खोलीत बसून आपली फाटकी पुस्तकं शिवली. हातात सुई-दोरा, समोर खळीचं पातेलं, बाजूला पुठ्ठ्यांची चळत. त्या उरलेल्या पुठ्ठ्यांवर काकांनी एक अख्खं शहर काढलं. गल्ल्या, पूल, बाजार, मधोमध घंटेचा मनोरा. आणि दर रविवारी दुपारी आम्ही चौघं त्या शहरात जायचो.

पाहुण्यांना सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटायचं बाईचं डोकं फिरलंय. हा एक खेळ असतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. 'मी दार उघडते' म्हणायचं आणि फासा टाकायचा. दार उघडलं की नाही ते फासा ठरवतो. आमचा फासा वीस बाजूंचा, काकांनी स्वतः पुठ्ठ्याचा केलेला. एका बाजूला खळ जास्त झाली, म्हणून मेला सारखा सातवरच पडतो. गणिताचे निवृत्त मास्तर आमच्यात बुटका लोहार, चष्म्याच्या दुकानवाले राक्षस, हॉस्पिटलातली सिस्टर चेटकीण, आणि मी काजळी नावाची चोर. हसा, हसा. दिवसभर लोकांच्या सुट्ट्या पैशांवरून शिव्या खाल्ल्यावर तीन तास चोर व्हायला काय सुख वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

काकांचा एक नियम फार कडक. टेबलाशी बसलं की खरं नाव बाहेर. तिथं जे काही लिहायचं, ज्यावर सही करायची, ती खेळातल्या नावानं. चुकलं तर एक डाव गप्प बसायचं. मास्तर पहिल्या महिन्यात सहा वेळा गप्प बसले, मग सवय झाली.

शेवटची पुरी झालेली मोहीम सांगते. शहरातल्या घंटेचा आवाज चोरीला गेला होता. घंटा हलायची, पण वाजायची नाही. पाच रविवार आम्ही तळघरं, गटारं, छपरं पालथी घातली. शेवटी कळलं काय? पहिल्याच दिवशी वेशीवर पहारेकऱ्यानं नोंदवहीत आमच्या सह्या घेतल्या होत्या. पानाचा वरचा भाग दुमडलेला. त्यावर लिहिलं होतं, 'घंटेचा आवाज नगराध्यक्षांना देण्यास आमची हरकत नाही.' आम्हीच देऊन बसलो होतो! काका तेव्हा पोट धरून हसले. म्हणाले, "अरे, न वाचता सही करता? शहाणी माणसं ना तुम्ही?"

आणि आम्ही शहाणी माणसं पुढच्याच रविवारी तेच करून बसलो. खऱ्या आयुष्यात!

नाही, चिठ्ठी पाठवू नका. वेळेचं मला कळतं.

त्या दुपारी ऑफिसातले कारकून कागद घेऊन आले. पॅडला लावलेला, वरचा भाग दुमडून चिमट्यात. म्हणाले, "वार्षिक सभेची हजेरी आहे, चौघं सह्या करा." काका खिडकीशी खळ ढवळत होते, आमची पूल ओलांडायची घाई. केल्या सह्या. आठवड्यानं फलकावर नोटीस. 'चार सभासदांच्या लेखी तक्रारीवरून बांधणी-खोली बंद करण्यात येत आहे.' तक्रार काय, तर काका कामाच्या जागी खेळ खेळतात. रविवारी! सुट्टीच्या दिवशी! आणि खोलीत होणार अध्यक्षांचं स्वतंत्र दालन. काकांची दोन वर्षं नोकरी बाकी आहे हो. हा निरोप नाही, ही हकालपट्टी आहे, आणि वर त्याला हार घालायचा? लाज वाटते मला इथं उभं राहायची.

पण माझा खरा संताप वेगळाच आहे. काकांना सांगण्यात आलं, "तुमच्याच चौघांनी सह्या दिल्या." तीन आठवडे हा माणूस आमच्याशी बोललेला नाही. मी दारात गेले तर काकूंनी आतूनच सांगितलं, "ते झोपलेत." सकाळी अकराला! मानी माणूस, कागद दाखवा असंही म्हणाला नाही. आतल्या आत जळत राहिला.

मी मात्र मागितला. सभासदाचा हक्क आहे. ही त्याची प्रत, सकाळपासून तिकिटांच्या बॅगेत घेऊन फिरतेय. वाचनालयाच्या घटनेत लिहिलंय, अशा तक्रारीला किमान चार सभासदांच्या सह्या हव्यात. अध्यक्ष महोदय, आपण सह्या मोजल्यात. वाचल्यात का? मी वाचते. पहिली, मास्तरांच्या सुवाच्य अक्षरात, 'बुटका लोहार'. दुसरी, 'पुलाखालचा राक्षस'. तिसरी, 'धुक्यातली चेटकीण'. आणि चौथी, काजळी.

सांगा, यातले आपले सभासद कोण? यांचे वर्गणीक्रमांक काय?

काका, रडू नका. वर बघा. आम्ही तुमचा नियम पाळला होता हो, एवढंच.

आयोजकांनी बोलू दिलं त्याबद्दल आभार. पुन्हा देणार नाहीत हे ठाऊक आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पाहुण्यांनी आणि सभासदांनी पोटात घालावं. व्यासपीठावरच्यांची माफी मी मागत नाही. काका, रविवारी दोनला आम्ही चौघं येतोय. फासा शोधून ठेवा.