अण्णाच्या शेजारची अर्धी सीट

आरएसीचं रडगाणं मला नगा सांगू. दोघांत एक सीट आन् दुसरा आमचा थोरला अण्णा, सव्वाशे किलोचा!

कोइमतूरला आमचं सोनं गाळायचं दुकान. आटपाडीच्या जत्रेला दरसाल तिथनं मिरजेपतोर रेल्वेनं यायचो. अण्णा ऐसपैस, मी कडेला लटकलेला.

"अण्णा, सरक की जरा."

"कुठं सरकू? खिडकीतनं भाईर?"

औंदा आजारानं अण्णा निम्मा झाला. डॉक्टर म्हणले, आता गावाकडं घेऊन जावा. घाईत परत आरएसीच मिळालं. अण्णा खिडकीला टेकला आन् शेजारच्या रिकाम्या सीटवर हात फिरवत म्हणला, "नीट बस की रं. आता लय जागा हाय."

"व्हय," म्हणलो, आन् कडेलाच बसलो.