शब्दाचं शेपूट

हॅलो?… हां बेबे, बोल. अगं, सकाळीच तर बोललो आपण… हो, जेवले. तेही सकाळी विचारून झालंय तुझं… हा आवाज ना? मशीनचा. थांब, बंद करते. हं.

पडदे शिवतेय. शाळेच्या हॉलचे, मोठं काम मिळालंय… नको शिवू म्हणजे? तूपण? काल तुझ्या भावजींनी हेच ऐकवलं. 'जरा दमानं घे.' शब्दसुद्धा तोच. तुम्ही दोघं ठरवून बोलता काय?

हसू नकोस. खोटं हसलीस की तुला खोकला येतो, लहानपणापासून.

बरं, केलाच आहेस फोन तर ऐक. तुझ्या भावजींचं काहीतरी बिनसलंय… छे, भांडण कुठलं. भांडले असते तर जिवाला बरं वाटलं असतं. माणूस नुसता लोण्यासारखा झालाय गं. मी बादलीला हात लावायच्या आत हे उचलतात. मशीन सरकवायचं म्हटलं की धावत येतात. परवा म्हणाले, तुझी वेणी घालून देतो… हो, वेणी. ज्यांना स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही, ते.

आधी वाटलं, हे काहीतरी करून बसलेत. पण ते नाही. आजार आहे, बेबे. त्यांना काहीतरी झालंय आणि माझ्यापासून लपवतायत.

कशावरून म्हणजे? काल गॅलरीत जाऊन, दार लावून फोनवर बोलत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, ते काही साहेबांच्या लक्षात आलं नाही. अगं ऐक ना… बाकीचं सगळं कुजबुजत, आणि डॉक्टरी इंग्रजी मात्र खणखणीत. हिला काय कळणार, असं वाटलं असेल… हो, नाही येत मला इंग्रजी. पण आपल्या चिमीचे नर्सिंगचे शब्द कोण पाठ करून घेतं? मी भांडी घासते, ती ओट्याला टेकून घोकते. शेपटावरून ओळखायचे शब्द आहेत ते. शेवटी 'आयटिस' आलं की सूज. 'ओमा' आलं की गाठ. 'एक्टमी' आलं की काहीतरी कापून काढायचं… आधी काहीही असू दे गं. आधीचं कुठं झालंय ते सांगतं, शेपूट काय झालंय ते सांगतं.

हेच तेव्हा पोरीला चिडवत होते. म्हणे, मग डिप्लोमा ही कसली गाठ? माझी तर शेवटपर्यंत सुटली नाही. तिघं पोट धरून हसलो होतो… तर काल त्या खिडकीतून एक ओमा ऐकलं मी आणि एक एक्टमी. आणि डिप्लोमाबद्दल कुणी असं दार लावून बोलत नाही.

…हॅलो? आहेस ना?

गप्प का झालीस? तुला माहितीये, बेबे… शपथा नकोत. काय काढणार आहेत त्यांचं, तेवढं सांग. किडनी?… आतडं?… मग काय? अगं, मी हातपाय गाळून बसणारी आहे का? घर चालवीन, त्यांची उस्तवार करीन, सगळं करीन. पण मला असं अंधारात ठेवू नका.

रडतेस कशाला?… हो, ऐकतेय.

त्यांना काही नाही?… काहीच नाही? मग ती गाठ…

हात? माझा हात दुखतो का, हे आत्ता कुठून आलं मध्येच? सकाळीही विचारलंस… छातीतली? काखेजवळची ती? अगं, सुई टोचून तपासलं की तिचं. रिपोर्ट नॉर्मल आला. हेच गेले होते आणायला… नाही, दाखवला नाही. नॉर्मल आहे म्हणाले आणि आंघोळीला गेले. भर दुपारी. बराच वेळ नळ चालू होता.

बेबे.

माझं आहे ते.

…नाही, रडत नाहीये मी. राग आलाय मला. तुला माहीत, त्यांना माहीत, डॉक्टरीणबाईंना माहीत, आणि जिच्या अंगात आहे ती इथं पडद्यांना चुण्या घालत बसलीये… चिमीला नाही ना सांगितलं?… नक्की?… बरं.

वाटतेय ना. भीती वाटतेय, खूप वाटतेय. पण तुम्ही बादल्या उचलून ती गाठ जाणार होती का?… माहितीये गं, मायेनंच केलंत. मला ठाऊक असतं तर रडले असते एकदा तुमच्यासोबत बसून. एवढे दिवस तुम्ही दोघं रडलात आणि मी त्यांच्यावर संशय घेत बसले.

…थांब, जिना चढतायत. हेच… नाही, ओरडणार नाही. नाही म्हटलं ना.

अहो, ती पिशवी ठेवा खाली. बेबीचा फोन आहे… हो, सांगितलं तिनं. तिच्यावर चिडू नका, मीच काढून घेतलं. बसा इथं. असं उभं राहून नाही, शेजारी बसा… आता सांगा, काय काढायचंय माझं, आणि कधी… इंग्रजीत नको. आपल्या भाषेत सांगा.

…बेबे, ठेवते. बोलतायत ते.